बिनसहीचा जामीनदार

जामीनदार या प्राण्याची मला मनापासून कीव येते. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढली की ती येतेच. कर्ज मेव्हण्याचं, स्कूटर मेव्हण्याची आणि नोटीस मात्र याला! पण त्यानं निदान सही तरी केलेली असते. सहीसुद्धा न करता जामीन राहिलेला एकच प्राणी मला ठाऊक आहे, तो म्हणजे उत्तरी रॉकहॉपर पेंग्विन.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कून्हा नावाची बेटं आहेत. या जातीचे बहुतेक पक्षी तिथं आणि गॉफ बेटावर पिल्लं वाढवतात. डोळे लालभडक, भुवयांवर पिवळ्या पिसांचे लांब तुरे. चेहरा मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा. उड्या मारत खडक चढायचा, समुद्रात पोट भरायचं. कुणाचं पैशाचं देणं नाही.

१६ मार्च २०११ रोजी ब्राझीलहून सिंगापूरला सोयाबीन नेणारं ‘ओलिव्हा’ जहाज तिथल्या नाइटिंगेल बेटावर जाऊन आदळलं. बावीसही खलाशी वाचले, हे फार चांगलं झालं. पण जहाजाचं जाड तेल समुद्रात पसरलं आणि पेंग्विन त्यात माखले. बेटांवरची वस्ती तीनशेसुद्धा नाही. त्या माणसांनी सुमारे ३,७०० पक्षी गोळा केले, धुतले, त्यांना मासे भरवले, गावचा पोहण्याचा तलावही देऊन टाकला. तरी वाचला तो दहातला एखादा.

आणि शहाणी माणसं याला ‘अपघात’ म्हणतात! अहो, एवढा अफाट समुद्र मोकळा असताना जहाज नकाशावर छापलेल्या बेटावर चढतं, हा कसला अपघात? संध्याकाळी कॅश कमी भरली तर ‘वाऱ्यानं नोटा उडाल्या’ असं मी म्हणून पाहू का? रक्कम माझ्याच नावे पडेल, आणि तेच बरोबर आहे.

जहाजाला विमा असतो, मालाला विमा असतो. पेंग्विनला काय असतं? तीन पिढ्यांत ही जात निम्म्याहून अधिक घटली आहे. ‘त्या पक्ष्यावाचून आपलं काय अडतं?’ असं विचारणारे भेटतातच. काही अडत नाही हो! पण त्याचंही आपल्यावाचून काही अडलं नव्हतं. उपयोगाचा दाखला मागायचा तो कर्ज मागणाऱ्याकडे. ज्यानं कधी काही मागितलंच नाही, त्याच्याकडे कशाला?

त्या इवल्याशा वस्तीनं २०२० साली सुमारे सात लाख चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला. कर्ज दुसऱ्यांचं, पण हप्ता भरायला उभी राहिली ती हीच माणसं. बाकीचे कर्जदार अजून ‘साहेब बाहेर गेलेत’ एवढंच सांगताहेत.