येणाऱ्या बाळाचा धर्म कोणता?

आपल्याकडे डोहाळे बाईला लागतात. ओटी तिची भरतात, फुलांचे दागिने तिला घालतात, वाटीखाली पेढा आहे की बर्फी हेही तिलाच ओळखायला लावतात. होणाऱ्या बापाने या सगळ्यात काय करायचे? खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांना पाणी द्यायचे आणि दवाखान्याची बिले भरायची. त्याच्याही मनात नऊ महिने काहीतरी वाढत असते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. सध्या मी त्याच रांगेत उभा आहे. पत्नीला सातवा महिना लागला आहे. मात्र मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न तारखेचा नाही की बाळाच्या वजनाचा नाही. तो आहे, ‘बाळ कोणाचे होणार? तुमचे की त्यांचे?’

प्रश्नाचे कारण सरळ आहे. मी कोल्हापूरचा ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या रविवारी उपासनेला जाणाऱ्या घरातला. पत्नी पन्हाळा तालुक्यातल्या मराठा घरातली. जोतिबा तिचे कुलदैवत. आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले. या कायद्यात दोघांपैकी कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. कायद्याने आमचा प्रश्न सोडवला, बाळाचा मात्र आमच्याच पदरात टाकला. माझी आई विचारते, “लेकराचा बाप्तिस्मा कधी?” सासरे विचारतात, “पाव्हणं, पोराला जोतिबाचा गुलाल लावायचा का न्हाई?” दोघांच्याही आवाजात माया असते आणि मायेखाली थोडी भीतीही असते. आपला माणूस आपल्याला दुरावेल, ही ती भीती. तिची चेष्टा करणे सोपे आहे. पण सहिष्णुतेची सुरुवात ती भीती समजून घेण्यापासून होते.

शुभवर्तमानांत दोन होणारे बाप भेटतात. पहिला योसेफ. वाग्दत्त वधू गरोदर आहे हे कळल्यावर तिला चारचौघांत उभे करून दोष देण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. त्याने तसे केले नाही. तिची बेअब्रू करायची नाही हे त्याने आधी ठरवले, देवदूताचे स्वप्न नंतर पडले. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. दुसरा जखऱ्या. हा तर देवळातला याजक, आणि बायकोच्या गरोदरपणात मुका झालेला! बाळाचे नाव बापाचेच ठेवायचे असा नातेवाइकांचा आग्रह. आई म्हणाली, नाव योहान. तेव्हा बापाने पाटी मागवली आणि आईने सांगितलेलेच नाव लिहून दिले. मग त्याची वाचा परत आली. या दोन्ही बापांचा मोठेपणा त्यांच्या गप्प राहण्यात आणि बायकोच्या बाजूने उभे राहण्यात आहे. घरात हुकूम सोडण्याला श्रद्धा समजणाऱ्या आम्हा पुरुषांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

मराठी माणसाला तर याचा दाखला शोधायला दूर जायला नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसारावर वीज कोसळली. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षे नवऱ्यापासून दूर काढली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले आचार लगेच सोडले नाहीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाटते, टिळकांच्या सर्व कवितांइतकीच त्यांची ही वाट पाहणेही मोलाचे आहे. बरे, ख्रिस्ताची भजने लिहिणाऱ्या या कवीने आपले नाव बदलले नाही. नारायण आणि वामन, दोन्ही विष्णूचीच नावे! आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांची श्रद्धा पातळ झाली होती असे कोण म्हणेल?

पण म्हणणारे म्हणतातच. “दोन दगडांवर पाय ठेवाल तर मूल त्रिशंकू होईल,” असे मला आमच्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सुनावले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ‘मोठे झाल्यावर मूल ठरवील’ असे म्हणून त्याला घरात काहीच न देणारे आईबाप मीही पाहिले आहेत. भाषा शिकवताना आपण ‘मोठा झाल्यावर निवड’ म्हणत नाही. घरात बोलली जाते ती भाषा मूल उचलते. श्रद्धेचेही तसेच असते. म्हणून मी माझी श्रद्धा झाकून ठेवणार नाही. जेवणापूर्वीची प्रार्थना होईल, रात्री पवित्र शास्त्र वाचले जाईल, रविवारी बाळ माझ्या कडेवर बसून उपासनेला येईल. संध्याकाळी त्याची आई देवापाशी दिवा लावील, तेव्हा मी त्याला तिथून उचलून नेणार नाही. आईच्या देवासमोर आदराने उभे राहायला शिकलेले मूल बापाच्या देवालाही अधिक आदराने ओळखील, असे मला वाटते.

बाप्तिस्म्याचे काय? १९७० मध्ये नागपुरात सहा ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. त्यांतले काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, तर बॅप्टिस्ट आणि ब्रदरेन हे समजत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच देणारे. शतकानुशतकांचा हा वाद. पण दोन्ही पद्धतींना जागा ठेवून त्यांनी एकच घर बांधले. जे मंडळीला साधले ते एका कुटुंबाला का साधू नये? आम्ही ठरवले आहे की बाळाला मंडळीत देवाला समर्पित करायचे, बाप्तिस्मा त्याने किंवा तिने स्वतः मागावा. पत्नीच्या माहेरी बारसे होईल, आणि जोतिबाचा गुलाल आजोबांच्या हातून लागला तर माझा तारणारा त्याने रागावेल असे मला वाटत नाही.

मात्र सहिष्णुता म्हणजे सगळेच चालवून घेणे नव्हे. ‘पहिला मुलगाच पाहिजे’ म्हणून औषध सुचवणारे हितचिंतक आम्हाला भेटले, आणि ते दोन्ही धर्मांतले होते! २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९४ चा. तो असूनही ही स्थिती. येथे मी ‘ज्याचे त्याचे मत’ म्हणून हसत नाही, सरळ ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्याच्या देवाला मान द्यावा. लेकीच्या जिवावर उठणाऱ्या रूढीला देऊ नये.

आणि हे कोल्हापुरात बोलायला संकोच कशाचा? बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणपती असलेले हे गाव. शाहू महाराजांनी येथे १९०१ मध्ये मराठा, १९०६ मध्ये मुस्लिम आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे केले, ख्रिस्ती मुलांच्या वसतिगृहालाही हात दिला. त्यांच्या स्मृतिशताब्दीला, ६ मे २०२२ रोजी, हे शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, जून २०२३ मध्ये, मोबाइलवरच्या मजकुरावरून याच शहरात दगड उडाले आणि इंटरनेट बंद करावे लागले. तेव्हा पूर्वजांच्या पुण्याईवर किती दिवस राहायचे? प्रत्येक पिढीला सहिष्णुता नव्याने कमवावी लागते, आणि ती सभेत नव्हे, स्वयंपाकघरात आणि पाळण्यापाशी कमवावी लागते.

म्हणून ‘बाळ कोणाचे?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे: बाळ देवाचे आहे, आम्ही दोघे त्याचे राखणदार. त्याने ख्रिस्ताला ओळखावे ही माझी रोजची प्रार्थना आहे. पण ती प्रार्थना आहे, हुकूम नव्हे. आणि तिला उत्तर देण्याचा अधिकार बापाचा नाही.