घाम वाळतो, तेव्हाच देह निवतो

बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच पदार्थाची तीन रूपे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास मात्र ५४० कॅलरी किंवा त्याहूनही अधिक. उन्हाळ्यात आपले शरीर याच गुणधर्मावर विसंबून असते. घामाची वाफ होताना लागणारी उष्णता त्वचेतून घेतली जाते आणि देह निवतो. माठातील पाणी गार होते, तेही याच न्यायाने.

म्हणजे नुसता घाम येणे पुरेसे नाही. तो वाळला पाहिजे. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो झटकन वाळतो, त्यामुळे शरीरातील किती पाणी गेले हे ध्यानातही येत नाही. कोकणच्या दमट हवेत तो निथळत राहतो. पाणी जाते, पण गारवा मिळत नाही.

वार्धक्यात घाम कमी येतो, तहानही मंदावते. म्हणून ज्येष्ठांनी मागण्याची वाट न पाहता त्यांना थोडे थोडे पाणी देत राहावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उकाड्यात अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घ्यावा.

अंग तापले असून व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा ग्लानीत गेली, तर उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग ओले ठेवून वारा घालीत राहावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.