पहाटेची रक्तशर्करा आणि पथ्याचे मोल

मधुमेही मनुष्य रात्री बेताने जेवतो, गोडाला शिवत नाही, आणि तरीही सकाळी उपाशीपोटी रक्त तपासले म्हणजे शर्करेचा आकडा रात्रीच्यापेक्षा चढलेला आढळतो. रात्रभर पोटात अन्नाचा कण गेला नसता ही साखर आली कोठून, असा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर ठाऊक नसल्यामुळे कोणी रात्रीचे जेवण सोडतो, कोणी पहाटे कारल्याचा रस घेऊ लागतो, तर कोणी चालू असलेले औषध निरुपयोगी ठरवून ऐकीव चूर्णाकडे वळतो. यांपैकी शेवटची वाट जिवावर बेतणारी ठरू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष असल्याचा अंदाज वर्तविला आहे. इतक्या घरांशी निगडित असलेल्या प्रश्नाचा विचार शांतपणे होणे अगत्याचे आहे.

सकाळची ही साखर बाहेरून आलेली नसते. ती यकृताने रक्तात सोडलेली असते. यकृत हे शरीराचे कोठार होय. जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा काही भाग ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते. मेंदूचे काम झोपेतही चालू असल्यामुळे रात्री हा साठा थोडाथोडा रक्तात उतरतो, आणि त्याच्या जोडीला यकृत नवे ग्लुकोजही तयार करते. रात्री स्रवलेल्या वृद्धिसंप्रेरकाचा परिणाम आणि पहाटे वाढत जाणारे कॉर्टिसॉल यांच्या योगे इन्सुलिनचा अंमल काहीसा ढिला पडतो. निरोगी मनुष्याचे स्वादुपिंड त्याच वेळी थोडे अधिक इन्सुलिन पुरवून तोल सांभाळते. मधुमेहात ही भरपाई होत नाही. कोठाराचे दार उघडेच राहते. वैद्यकात यास ‘डॉन फेनॉमेनन’ म्हणतात. मराठीत ‘उषःकालीन शर्करावृद्धी’ म्हणता येईल.

तथापि सकाळचा प्रत्येक चढा आकडा याच कारणाने येतो असे नव्हे. रात्री उशिरा केलेले जड जेवण हे एक कारण. सायंकाळी घेतलेल्या औषधाचा अंमल पहाटेपूर्वी संपणे हे दुसरे. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णात रात्री शर्करा फार खाली उतरली होती काय, हेही पाहावे लागते. कारण तशा रुग्णाने केवळ सकाळचा आकडा पाहून रात्रीची मात्रा वाढविली तर झोपेत अपाय होण्याची भीती असते. निजताना, पहाटे तीनच्या सुमारास व उठल्यावर अशी तीन वेळची मोजणी काही दिवस करून ती चिकित्सकास दाखविली, तर कारणाचा उलगडा बहुधा होतो. सकाळचा आकडा हा एकट्या सकाळचा नसून संपूर्ण रात्रीचा जमाखर्च आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून उपाय नेमका बसत नाही.

येथे आयुर्वेदाचा विचार प्रस्तुत ठरतो. प्राचीन ग्रंथांतील प्रमेह आणि आजचा मधुमेह या संज्ञा तंतोतंत समव्याप्त नाहीत. प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतील एक होय. असे असले तरी चरकसंहितेत बैठे सुख, निद्रासुख, दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांची गणना प्रमेहाच्या कारणांत केली आहे. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन भेद करून पहिल्यातील रुग्ण कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो असे नोंदविले, आणि निर्धन रुग्णास शंभर योजने पायी चालण्यास, गाईंमागे हिंडण्यास वा विहीर खणण्यास सांगितले. प्रयोगशाळेवाचून केलेले हे निरीक्षण आदरास पात्र आहे. आयुर्वेदाचे खरे बळ या पथ्यविचारात आहे; परंतु बाजारात त्याच्या नावाने विकली जाते ती बाटली.

पथ्याची परीक्षा आधुनिक काळातही झाली आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तींवर चेन्नई येथे झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन वर्षांत केवळ सर्वसामान्य सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. आहार व चालणे यांकडे लक्ष पुरविलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिले. सकाळच्या शर्करेपुरते बोलावयाचे तर पथ्याचा आरंभ आदल्या सायंकाळी व्हावयास हवा. जेवण लवकर व हलके असावे. भात किंवा पोळी मोजकी, भाजी व डाळ यांना अधिक वाव. जेवणानंतर लगेच आडवे न होता पंधरा-वीस मिनिटे चालावे. काम करणारे स्नायू रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात. झोप पुरेशी असावी, कारण अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा प्रभाव घटतो. मात्र कृश रुग्णास उपवास घडविणे सुश्रुताच्या भेदालाही धरून नाही आणि आजच्या वैद्यकालाही मान्य नाही.

वनौषधींचा प्रश्न निराळा आहे. गुडमारीचे पान चघळल्यास जिभेला गोडी काही काळ कळेनाशी होते, मेथीच्या दाण्यांतील तंतुमय भाग शर्करेचे शोषण मंदावतो; परंतु जिभेवरचा अनुभव म्हणजे रक्तातील परिणाम नव्हे. विजयसाराच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याची रूढी प्रसिद्धच आहे. याच विजयसारावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत चाचणी केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची शर्करा बारा आठवड्यांत आटोक्यात आल्याची नोंद आहे. हा फलादेश आशादायक खरा. परंतु त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि रुग्ण रोगाच्या आरंभावस्थेतील होते. त्यावरून जुन्या रुग्णाने औषध सोडावे असा अर्थ काढणे सर्वथा गैर होय.

वनस्पती आणि विज्ञान यांत वैर नाही, याचा दाखला मेटफॉर्मिन देते. गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतील द्रव्याशी याचे रासायनिक नाते आहे. मूळ द्रव्य विषारी ठरले. त्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ साली प्रथम तयार झाले, आणि १९५७ साली जाँ स्टर्न या फ्रेंच चिकित्सकाने मधुमेहींवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. यकृतातून होणारा ग्लुकोजचा पुरवठा आवरणे हे याचे मुख्य कार्य, म्हणजे पहाटेच्या दुखण्याच्या मुळावरच घाव. तुलेवर चढले म्हणूनच ते जगभर पोहोचले. भारतीय वनस्पतींनाही हीच तुला लाभावी अशी मागणी करणे हा आयुर्वेदाचा अपमान नसून खरा गौरव आहे.

उलट, तुला नाकारणाऱ्यांपासून रुग्णाचे रक्षण व्हावयास हवे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी तसे दावे कानी येतच असतात. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. ‘वनस्पतीचे आहे, म्हणून निरुपद्रवी आहे’ हा समज यापुढे टिकू नये. शिवाय गुणकारी चूर्ण चालू औषधाच्या जोडीला गुपचूप घेतल्यास शर्करा धोकादायक रीतीने उतरू शकते. ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्याने ते थांबविले तर काही दिवसांतच प्राण संकटात येतो. १९२२ पूर्वी अशा बालकांपुढे मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आयुर्वेद की आधुनिक वैद्यक, हा वाद या ठिकाणी व्यर्थ आहे. पथ्य ज्याचे त्याने पाळावे, औषध चिकित्सकाच्या संमतीने घ्यावे, घेतलेली प्रत्येक मुळी व काढा त्याला सांगावा, आणि कोणत्याही उपायाचा न्याय रक्ताच्या मोजणीने करावा. रक्तातील साखर ग्रंथाचे नाव पाहून उतरत नाही. जो उपाय तिला सुरक्षितपणे उतरवील तो आपला. मग तो संहितेतून आलेला असो वा प्रयोगशाळेतून.