आधी सिस्टरला विचारा

खर्ड्याला उंच बांधकामाची आणि मोठ्या नावाची सवय आहे. निंबाळकरांचा किल्ला आहे, १७९५ च्या लढाईचं नाव आहे, आणि २०२१ पासून ७४ मीटरचा स्वराज्यध्वजही आहे. त्यामुळे जुनं प्रसूतिगृह पाडून नवं बांधायचा विषय निघाला, की पारावर आधी चर्चा होते ती कमानीची. मग कमानीवर नाव कुणाचं याची.

बाळंतपणाला कमान लागत नाही. स्ट्रेचर वळेल एवढा बोळ लागतो. संडास लेबर रूमला लागूनच हवा. कळा सोसणाऱ्या बाईनं अंगण ओलांडून का जावं? नळाला चोवीस तास पाणी हवं, वीज गेली तरी बाळाचा वॉर्मर चालू राहायला हवा. शेजारी आईला किंवा सासूला टेकता येईल अशी आडोशाची जागा हवी.

शेजारच्या जामखेडचा दाखला इथं हमखास निघतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं: हात स्वच्छ, ब्लेड नवं, नाळेचा दोरा निर्जंतुक. १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मग इमारत हवीच कशाला, असं म्हणणारे निघतात. मला ते पटत नाही. अडलेली बाई कधी हलवायची, हेही त्या बायका शिकल्या होत्या. आणि हलवायचं म्हणजे पुढं डॉक्टर आणि ऑपरेशनचं टेबल असावंच लागतं. शिवाय आता महाराष्ट्रात शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. घराचा भार दवाखान्याच्या भिंतींवर आलाय.

आणि आपल्या भागाचं गणित वेगळं. पहिलटकरीण माहेरी येते, ऊसतोडीला गेलेली बाई हंगामाचा पट्टा पडल्यावर, दिवस भरत आल्यावरच परतते. नोंद एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे. नगर शंभरेक किलोमीटर लांब, म्हणून अवघड केस घेऊन माणसं जिल्हा ओलांडून बार्शीची वाट धरतात. रुग्णवाहिका थेट दारापर्यंत लागते का, हे नकाशात बघायचं ते यासाठी.

तो नकाशा मंजूर होण्याआधी सिस्टर, आशाताई आणि नुकतीच बाळंत झालेली एखादी लेक, या तिघींना जागेवर फिरवा. सिस्टरचं क्वार्टरही त्याच टेंडरमध्ये घ्या. रात्री दोनला सिस्टर जामखेडहून यायची असेल, तर नव्या टाइल्सचा काय उपयोग? ‘क्वार्टर दुसऱ्या टप्प्यात बघू,’ असं कुणी म्हणालं, तर बैठकीतून उठू नका.