माणसांना लोंढा म्हणताना

भरपूर वाहण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ओघ, लोट, पूर, लोंढा. पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ओघाला दिशा आणि सातत्य असतं, म्हणून चांगलं भाषण ओघवतं. लोट धुराचे, धुळीचे उठतात. लोंढा मात्र अचानक येतो, गढूळ असतो आणि वाटेतली झुडपं, ओंडके, गाळ घेऊन उभ्या पिकात घुसतो. तोच शब्द ‘परप्रांतीयांचे लोंढे’ असा बातम्यांत नि भाषणांत बिनदिक्कत फिरतो, याला माझी हरकत आहे.

हा नुसता अलंकार, असं यावर म्हटलं जाईल. अश्रूंचा पूर चालतो, शुभेच्छांचा वर्षाव चालतो, मग लोंढ्यानेच काय घोडं मारलं? अलंकाराशी भांडण नाहीच. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातलं मायानदीचं रूपक घ्या. यमनियमांची नगरं त्या पुरात वाहून जातात, द्वेषाचे भोवरे गरगरतात. इतका दांडगा पूर मराठीत फार थोड्यांनी आणला असेल. पण तिथे पूर मायेचा आहे आणि माणूस तो तरून जाऊ पाहतो आहे. आपल्या बातमीत माणसाचंच पाणी झालं. बरं, हा न्याय सर्वांना सारखाही नाही. आषाढीला पंढरपुरात लोटतो तो जनसागर. गिरणगाव ज्यांच्या घामावर उभं राहिलं त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले असंख्य होते. त्यांच्यासाठी भाषेने ‘चाकरमानी’ हा घरचा शब्द राखला. कुर्ला टर्मिनसला उतरणाऱ्यांच्या वाट्याला तेवढा लोंढा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शहरावरचा ताण खरा आहे, तो गोड शब्दांनी झाकू नका. झाकूच नये. उलट लोंढा म्हटलं की मोजदाद राहून जाते, कारण लोंढ्यात माणसं मोजायची सोय नसते. जनगणना कुठून आलात नि का आलात, हे वेगवेगळं विचारते. 2011च्या नोंदींत देशातल्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न होतं. सासरी आलेल्या सुनांना लोंढा म्हणण्याची कुणाची छाती आहे? तेव्हा बातमीदाराने ‘लोंढे’ लिहून पाठवले, तर उपसंपादकाने किती, कुठून नि कशासाठी, एवढं विचारावं. उत्तर नसेल तर बातमी एक दिवस अडवून ठेवावी.