बिलांची मेल पुढे ढकलू नका

मंडळी, उद्यमनगर असो की शिरोली एमआयडीसी, एक सल्ला फुकट मिळतो: "कंपनीच्या पत्त्यावरची मेल पुतण्याच्या जीमेलला फॉरवर्ड लाव, झालं काम!" मी इथल्या चार फाउंड्र्यांचे हिशेब लिहितो, आणि हा सल्ला मला साफ नामंजूर आहे.

फॉरवर्ड केलेली मेल जीमेलच्या दारात नेतो तुमचा सर्व्हर, पण तिच्यावर नाव असतं पिग आयर्न विकणाऱ्याचं. त्याच्या एसपीएफ यादीत, म्हणजे त्याच्या नावानं मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांत, तुमचा सर्व्हर नसतोच. परक्यानं दुसऱ्याचं लेटरहेड घेऊन यावं तसं हे! मूळ मेलवर डीकेआयएमची सही असेल तर बहुधा निभावतं. नसेल तर बिल स्पॅममध्ये, नाहीतर परत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं हे नियम आणखी आवळलेत. आणि स्पॅममधली मेल ३० दिवसांनी आपोआप पुसली जाते, बरं का.

यावर ठरलेलं उत्तर, "पोर्टलवर २बी मध्ये दिसतंय की!" दिसतंय खरं, पण क्रेडिट घ्यायला जीएसटीच्या कलम १६ नुसार बिल तुमच्याकडे असावं लागतं. पेटीचे चार पैसे वाचवायचे, आणि ट्रकभर मालावरचा १८ टक्के जीएसटी पुतण्याच्या स्पॅमवर सोडायचा... हा कुठला हिशेब?

असो. बिलांसाठी वेगळी पेटी घ्या आणि हिशेबनीसाला ती थेट उघडू द्या. फॉरवर्ड लावायचंच असेल, तर निदान मूळ पेटीत प्रत राहते ना, ते आजच बघा.