वहीला कुलूप हवं

‘रोज रात्री चार ओळी लिहा, स्वतःशी बोला,’ असं शिबिरात सांगतात. आम्ही माना डोलावतो. सायखेड्याला परतलं की कांदे निवडणं असतं, द्राक्षबागेतली मजुरी असते. वही पिशवीतच राहते. विचारलं तर सगळ्याजणी म्हणतात, वेळ नाही. मला हे अर्धंच खरं वाटतं. बचत गटाचा हिशोब आम्ही रात्री अकरालाही लिहितोच की! नसते ती जागा. बाईचं स्वतःचं असं घरात काय असतं? फार तर डाळीचा डबा.

मी वही त्यातच ठेवत होते. तीन आठवड्यांत ती घरच्यांच्या हाती लागली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली गेली. मान खाली घालून ऐकताना माझ्याच ध्यानात आलं, प्रत्येक पान ‘हे म्हणाले’, ‘सासूबाई म्हणाल्या’ असं सुरू होत होतं. ‘मला वाटलं’ कुठंच नव्हतं. सगळी त्यांचीच वाक्यं, तरी राग माझ्यावर! पुढे वर्षभर मी फक्त दुधाचा हिशोब लिहिला.

लक्ष्मीबाई टिळक आपल्याच नाशिकजवळच्या जलालपूरच्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून छापून आली. टिळक गेले होते १९१९ मध्ये. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, न्यायमूर्ती गेले १९०१ मध्ये. दोघींच्याही नवऱ्यांनीच त्यांना शिकवलं, त्यांना मी बोल लावत नाही. पण आपणही तोवर थांबायचं का?

म्हणून माझं म्हणणं असं की वह्या गटाच्या पेटीत ठेवाव्यात. बैठकीआधी पंधरा मिनिटं तिथंच बसून लिहावं. कुणी कुणाची वही उघडायची नाही, अध्यक्षांनीही नाही. आणि शिबिरात ‘वाचून दाखवा’ हा जो आग्रह आपण कार्यकर्त्या धरतो, तोही सोडावा. घरी होतं तेच तिथं प्रेमानं होतं, एवढंच.

आमच्या गटातल्या एक मावशी सहीपुरतंच शिकल्या आहेत. मनाविरुद्ध काही झालं की त्या दिवसाच्या रकान्यात त्या काळी टिकली चिकटवतात. महिन्याच्या शेवटी मोजून म्हणाल्या, “बाजाराच्या दिवशीच जास्त दिसतात गं.” त्या दिवशी त्यांच्या मजुरीचे पैसे घरात मागितले जातात. आता त्या पैसे आधीच गटात भरतात.

२०१९ च्या ऑगस्टात गोदावरीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आम्ही रेशनकार्डांबरोबर ही पेटी आधी माडीवर नेली. तेव्हा तिच्यात पासबुकंच होती. आता नऊ वह्याही आहेत. किल्ली कुणाकडे ठेवायची, यावर मात्र आमचं अजून भांडण चालू आहे.